बेंदराच्या गोंड्यांची गाठ सुटते, उपाय हवा आहे

दोनसुया

नमस्कार. माझे माहेर माण तालुक्यातील आहे आणि आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. ज्यांच्याकडे श्रावणी अमावास्येला पोळा असतो, त्यांनी तोच सण समजावा. गेल्या वर्षापासून बैलांचे गोंडे करण्याचे काम भावाने माझ्याकडे दिले आहे, कारण घरात लोकरीचे विणकाम करणारी मी एकटीच उरले आहे. मागच्या खेपेस मी आठ गोंडे केले. घरातून निघताना ते उत्तम दिसत होते. बैल वेशीपाशी पोहोचेपर्यंत त्यांतले तीन विरळ झाले आणि एक तर पूर्ण सुटून त्याचे लाल-पिवळे तुकडे चिखलात पसरले. भाऊ काही बोलला नाही. पुतणे मात्र अजून चिडवतात.

माझी पद्धत अशी आहे: ॲक्रिलिक लोकर चार बोटांवर साधारण शंभर वेळा गुंडाळायची, बोटांतून अलगद काढून त्याच लोकरीच्या तुकड्याने मधोमध बांधायची, दोन्हीकडची वेटोळी कापायची आणि कात्रीने गोल आकार द्यायचा. यंदा शिंगांसाठी चार गोल गोंडे आणि झुलीच्या कडेसाठी बारा लांबट गोंडे हवे आहेत. गाठ पक्की कशी करावी आणि गोल गोंडा भरीव कसा दिसावा, हे दोन्ही जाणकारांनी सांगावे.

टाकेवाली

तुमची चूक लोकर गुंडाळण्यात नसून बांधण्यात आहे, असे मला वाटते. गोंड्यातला एकही धागा दुसऱ्याला गाठलेला नसतो. ती सगळी मोळी केवळ मधल्या बंधाच्या दाबामुळे एकत्र राहते आणि तो बंध केसभर सैल झाला तरी धागे एकेक करून सरकू लागतात. त्यातही ॲक्रिलिक गुळगुळीत असते. तुम्ही बंधही त्याच लोकरीचा घालता. ती लोकर ताणली की लांबते आणि हात सोडला की पुन्हा आखडते, म्हणून गाठ मारताना घट्ट वाटलेला बंध प्रत्यक्षात अर्धवटच आवळलेला असतो. जास्त जोर लावला तर लोकर तुटते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

बंधासाठी गोधडी शिवण्याचा जाड सुती दोरा घ्या आणि तो मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोन-तीन वेळा ओढून घ्या. मेणामुळे दोरा दोऱ्याला धरतो. गाठ मारताना नेहमीप्रमाणे एक पीळ न देता दोन पीळ द्या, म्हणजे एक टोक दुसऱ्याभोवती दोनदा फिरवा आणि मग आवळा. एका पिळाची गाठ दुसरी गाठ मारण्यासाठी बोट हलवताच उसवते, दोन पिळांची तशीच धरून राहते. मी अनेक वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. टाके घालताना सर्जन हीच गाठ वापरतात, कारण तिथेही ताणाखाली असलेली कड धरून ठेवायची असते. त्यानंतर दोन्ही टोके मोळीच्या मागच्या बाजूला नेऊन तिथे पुन्हा गाठ मारा. दुसऱ्या वेळी उलट दिशेने मारा: आधी उजवे टोक डाव्यावरून नेले असेल, तर आता डावे उजव्यावरून न्या. दोन्ही वेळा एकाच दिशेने मारलेली गाठ दिसायला सारखीच असते, पण ती सरकते.

आणि हे सगळे वेटोळी कापण्याच्या आधी करा. कापल्यावर बांधायला गेलात तर मधले धागे तोवर निसटलेले असतात.

करडी कात्री

टाकेवाली यांच्या सूचनेशी पूर्ण सहमत आहे, पण विरळपणाचे कारण वेगळे आहे आणि ते हिशेबाचे आहे.

मध्यम जाडीची लोकर, म्हणजे 100 ग्रॅमला सुमारे 220 मीटर भरेल अशी, घेतली तर 3 सेंटिमीटर व्यासाचा गोंडा 50 फेऱ्यांत दाट होतो. 6 सेंटिमीटरच्या गोंड्याला मात्र 100 फेऱ्या पुरत नाहीत, 200 लागतात. व्यास दुप्पट झाला की गोळ्याचे पृष्ठ चौपट होते आणि तितक्याच दाटपणासाठी टोकेही चौपट लागतात. शिवाय प्रत्येक धागा दुप्पट लांब, म्हणजे लोकर एकूण आठपट. लहान गोंड्याला 3 मीटर लोकर लागली असेल, तर मोठ्याला 24 मीटर. तुमच्या चार बोटांची रुंदी 7 सेंटिमीटर धरली तर फेऱ्या 270च्या आसपास आणि वजन सुमारे 17 ग्रॅम होते. तुम्ही शंभरावर थांबता, म्हणून गोंडा फुललेला दिसतो पण आतून पोकळ असतो, आणि पोकळ मोळी कितीही आवळली तरी नीट धरत नाही.

इतक्या फेऱ्या बोटांवर घेऊ नका. बोटे काळीनिळी होतात आणि शेवटच्या फेऱ्या पहिल्यांपेक्षा लांब होतात. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या करा. मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. तो कागद जाड असतो, कात्रीने स्वच्छ कापला जातो आणि आमच्या घरी त्यांचा साठा कधी संपत नाही. चकतीचा बाहेरचा व्यास 7 सेंटिमीटर आणि मधले छिद्र अडीच सेंटिमीटर ठेवा. दोन्ही चकत्यांना काठापासून छिद्रापर्यंत एक चीर द्या, म्हणजे लोकरीचा गुंडा प्रत्येक वेळी छिद्रातून ओवावा लागत नाही, चिरेतून आत सरकवता येतो. चकत्या एकमेकींवर ठेवून छिद्र जवळजवळ बुजेपर्यंत सारख्या हाताने गुंडाळत जा. मग कात्रीचे एक पाते दोन चकत्यांच्या मधल्या फटीत घालून बाहेरच्या काठाने लोकर कापत जा आणि त्याच फटीतून मेणाचा दोरा फिरवून आवळा.

इथे बांधणे कापल्यानंतर येते, त्यामुळे टाकेवाली यांचा नियम मोडल्यासारखा वाटेल. पण दोरा आवळेपर्यंत चकत्या सगळे धागे दाबून धरतात. या पद्धतीत बंध आपोआप बरोबर मध्यावर बसतो. बोटांच्या पद्धतीत तो एका बाजूला सरकतो आणि गोंडा वांग्यासारखा होतो. तयार गोंडा चकतीपेक्षा थोडा लहान निघेल, कारण छिद्रातली लोकर बांधताना आवळली जाते. हे आधीच धरून चकती मोठी कापा.

रोज एक टाका

विषयाला धरूनच, पण थोडे वेगळे. आमच्याकडे रायगडात गोंडा म्हटले की झेंडूचे फूल डोळ्यांसमोर येते. दसऱ्याला गोंड्याचे तोरण लावतात. या चर्चेचे शीर्षक वाचून मी क्षणभर बुचकळ्यात पडले की फुलांची गाठ कशी सुटेल. मात्र दाट पाकळ्यांचा झेंडू समोर ठेवून गोंड्याला आकार दिला तर कात्री कुठे थांबवायची ते लगेच कळते, हे मी करून पाहिले आहे.

गावकूस

मी शेतकरी आहे. विणकामातले मला कळत नाही, पण गोंडा ज्याच्या शिंगावर बसतो त्याच्याविषयी चार गोष्टी सांगतो.

बैल मान झटकतो, शिंग दावणीच्या खांबावर घासतो आणि शेजारच्या बैलाला ढुशी देतो. मिरवणुकीत हलगीच्या आवाजाने तो बिथरला तर गोंड्यावर येणारा ओढा तुमच्या हाताच्या ओढ्याच्या कितीतरी पट असतो. सणाच्या दिवसांत पाऊसही असतोच. म्हणून मी म्हणेन की गोंडा बांधायचा नाडा त्या मधल्या बंधाचाच भाग असावा. पुष्कळ जण गोंडा तयार झाल्यावर त्याला वरून नाडा शिवतात आणि ओढ बसली की नाडा शिंगावर राहतो, गोंडा रस्त्यावर पडतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. म्होरकीला, म्हणजे बैलाच्या तोंडाभोवतीच्या दोरीला, किंवा वेसणीजवळ लोंबता गोंडा लावू नका. बैलाची जीभ तिथे पोहोचते आणि तो लोकर ओढून गिळतो. ॲक्रिलिक हे प्लॅस्टिकच असल्याने ते पोटात पचत नाही, साठून राहते. शिंगाला आणि झुलीला गोंडे चालतील, पण रात्री बैल गोठ्यात बांधण्यापूर्वी सगळा साज उतरवून ठेवावा.

माझ्या आजोबांच्या काळी कासरे, म्होरक्या आणि त्यांचे गोंडे घायपाताच्या वाखाचे, म्हणजे पानांतल्या तंतूंचे, किंवा अंबाडीचे असत आणि गावातले मातंग कारागीर ते वळून देत. त्या वाखाला रंग फार चढत नसे, पण दोर वळणाऱ्याच्या हाताची गाठ सुटलेली मी पाहिली नाही. आता सगळीकडे नायलॉन आले आहे.

ओवी

गावकूस यांनी वाखाचा विषय काढला म्हणून विचारते, शिंगांच्या गोंड्यांसाठी खरी लोकरच का वापरू नये? दख्खनी मेंढीची लोकर खरबरीत असते, तिच्या धाग्याला धागा धरतो आणि दमटपणात घासली गेली की ती आणखी घट्ट होते. घोंगडी विणणारे धनगर कारागीर सांगली, सोलापूर, सातारा या भागांत अजून आहेत. त्यांच्याकडे हातकताईचे सूत मिळू शकते. काळा आणि करडा रंग नैसर्गिक असल्याने पावसात रंग उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

करडी कात्री

ओवी, तुमचे म्हणणे तत्त्वतः पटते, परंतु बेंदराच्या बैलाला काळा-करडा गोंडा कोण लावेल? तिथे लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी असेच रंग हवेत आणि खरी लोकर घरच्या घरी पक्की रंगवणे सोपे नाही. शिवाय लोकर पाणी धरून ठेवते. भिजलेला मोठा गोंडा शिंगाच्या टोकावर जड होतो आणि ओढ वाढते. ॲक्रिलिक पाणी फारसे शोषत नाही, झटकले की बहुतेक कोरडे होते. एका दिवसाच्या सणासाठी मी ॲक्रिलिकच्या बाजूने आहे. मुलाच्या टोपीवरच्या गोंड्याला मात्र खरी लोकर घेईन, कारण ती वाफेवर धरली की फुलते आणि कापलेली टोके मऊ होऊन एकमेकांत मिसळतात.

ॲक्रिलिकला मात्र कधीही वाफ देऊ नका. उष्णतेने त्याचा फुगा एकदा बसला की तो पुन्हा येत नाही. मी एकदा सहा गोंडे इस्त्रीच्या वाफेवर धरले होते. ते ओल्या मांजरासारखे दिसू लागले आणि तसेच राहिले. हातातली लोकर कोणती हे लेबलावरून कळत नसेल तर दोन इंचाचा धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक काळी गोळी होते.

पदर

आतापर्यंत सगळी चर्चा गोल गोंड्यावर झाली, पण दोनसुया यांना बारा लांबट गोंडेही हवे आहेत. ते माझे रोजचे काम आहे. मी निपाणीजवळ राहते आणि साड्यांच्या पदराला गोंडे करून देते. आमच्याकडे त्याला कानडी वळणाने कुच्चू असेही म्हणतात.

झुलीसाठी 10 सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा घ्या आणि त्यावर उभ्याने 60 फेऱ्या द्या, म्हणजे एका गोंड्याला 12 मीटर लोकर लागेल. वरच्या काठाखालून नाडा ओवून तिथेच दोन पिळांची गाठ मारा आणि मग खालच्या काठाने कापा. आता मानेची गुंडाळी. बहुतेकांचे गोंडे इथेच फसतात, कारण गुंडाळून झाल्यावर शेवटचे टोक कुठे लपवायचे हे ठाऊक नसते आणि ते वरवर गाठ मारून सोडले जाते.

ते असे करावे. वीतभर दोरा दुमडून त्याची एक अरुंद, लांबट कडी बनवा आणि ती गोंड्याच्या अंगावर उभी ठेवा. कडीचे डोके खाली आणि दोन्ही टोके वर. आता मुख्य दोऱ्याने वरच्या टोकापासून सुमारे 2 सेंटिमीटरवर सुरुवात करून, कडीसकट, वरून खाली एकापुढे एक घट्ट वेढे घ्या. आठ-दहा वेढे झाले की दोऱ्याचे उरलेले टोक खाली डोकावणाऱ्या कडीतून ओवा आणि कडीची वरची टोके हळूहळू ओढा. कडी आत सरकताना ते टोकही वेढ्यांखाली ओढले जाते आणि तिथेच अडकते. बाहेर राहिलेले दोरे छाटून टाका. कुठेही गाठ दिसत नाही आणि ओढ जितकी जास्त, तितके वेढे टोकाला अधिक दाबतात.

खालची कड सरळ कापण्यासाठी गोंड्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि कागदाच्या काठाबरोबर कात्री चालवा. नुसत्या हातात धरून कापलेला गोंडा सोडला की एका बाजूने लांब निघतो. मग दुसरी बाजू कापा, पुन्हा पहिली कापा, असे करत तो निम्मा होतो.

गावकूस

पदर यांनी सांगितलेली मानेची गुंडाळी मी ओळखली. कासऱ्याच्या टोकाचे पदर उकलू नयेत म्हणून आम्हीही असेच टोक वेढ्यांखाली दाबून घेतो. तिची कृती इतक्या नीट शब्दांत लिहिता येते हे आजच कळले.

रोज एक टाका

पदर, साडीच्या गोंड्यांबद्दल एक तक्रार मांडते, ती तुमच्याविषयी अर्थातच नाही. मी एका दुकानात मोतिया रंगाच्या साडीला मरून गोंडे लावून घेतले. पहिल्याच धुण्यात गोंड्यांचा रंग पदरभर उतरला आणि चार-पाच गोंडे मानेपासून तुटलेही. दुकानदाराने साडी ड्रायक्लीनला द्यायची होती असे म्हणून हात झटकले. यात दोष कोणाचा?

पदर

दोष धाग्याचा आणि तो न तपासणाऱ्याचा आहे. गोंड्यांसाठी जो चमकदार धागा रेशीम म्हणून विकला जातो, तो पुष्कळदा रेयॉन असतो. रेयॉनची चमक आणि लोंबण फार सुंदर असते, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येते. सुताचे याच्या उलट आहे, सूत ओले झाल्यावर अधिक बळकट होते. म्हणून माझ्या गोंड्यांची मान नेहमी सुती धाग्याची असते, वरचा धागा कोणताही असो.

रंगासाठी मी नवी लड आणली की आधी तिचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबून ठेवते. फडक्यावर डाग उमटला तर ती लड फिकट साडीला वापरत नाही. पदराच्या स्वतःच्या दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, पुरेशा लांब असतील तर सर्वांत चांगले. त्यांचेच पुंजके करून गाठले की रंगाचाही प्रश्न राहत नाही आणि वजनही वाढत नाही. भरतकामाच्या सुती लडीचाही गोंडा चांगला होतो: सहा पदरी, 8 मीटरची लड न उलगडता मधोमध बांधून दुमडली की एक गोंडा तयार.

लांब पल्ला

मी टोरांटोत असते. इकडे हिवाळ्यात मुलांच्या टोप्यांना गोंडे हवेच असतात, म्हणून एक सूचना. गोंडा टोपीला कायमचा शिवू नये. त्याच्या नाड्याला आतून बटण लावून टोपीच्या शेंड्यातून अडकवावा. धुताना तो काढून ठेवता येतो, नाहीतर गोंड्याचा गाभा वाळायला दोन दिवस घेतो आणि त्याला कुबट वास येतो. तान्ह्या बाळाच्या टोपड्याला मात्र गोंडा लावू नये असे मला वाटते. बाळ तो तोंडात घालते आणि सुटलेले तंतू घशात जातात.

ही चर्चा वाचताना शाळेतल्या राख्या आठवल्या. रेशमाच्या लडीचा तुकडा मध्ये बांधून दोन्ही बाजू टूथब्रशने घासत बसायचो, तंतू सुटे होऊन त्याचा ढगासारखा गोंडा व्हायचा. वर्गातल्या निम्म्या राख्या घासता घासताच हातात यायच्या. तेव्हा टाकेवाली यांची गाठ कोणी शिकवली असती तर बरे झाले असते.

टाकेवाली

अजूनही उशीर झालेला नाही. आणि हो, बाळाच्या टोपड्याविषयी तुमचे मत अगदी योग्य आहे.

दोनसुया

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती. पंधरा दिवसांत जे करून पाहिले ते लिहिते.

सात सेंटिमीटरच्या चकत्या कापून पहिला गोंडा केला. छिद्र बुजेपर्यंत गुंडाळायला मला पाऊण तास लागला आणि मधे दोनदा सोडून द्यावेसे वाटले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो 16 ग्रॅम भरला. कात्रीने आकार दिल्यावर 13 ग्रॅम उरला. खाली पडलेला भुगा टाचण्यांच्या उशीत भरला आहे. जुन्या पद्धतीचा एक गोंडा शेजारी ठेवून दोन्हींतला एकेक धागा भुवयांच्या चिमट्याने ओढून पाहिला. जुन्यातला अलगद बाहेर आला. नव्यातला ओढता ओढता तुटला, पण निसटला नाही. मग दोन्ही गोंडे दोन दिवस गच्चीतल्या दोरीवर पावसात टांगून ठेवले. नवा तसाच आहे.

लांबट गोंड्यांच्या मानेची कडी पहिल्या तीन वेळा चुकली, कारण मी खालून वर गुंडाळत गेले आणि कडीचे डोकेच वेढ्यांखाली झाकून टाकले. चौथ्यांदा जमली. आता आठ झाले आहेत, चार उरले आहेत. लोकर एकूण 150 ग्रॅम पुरेल असे दिसते.

गावकूस, एक शेवटची शंका. शिंगाच्या गोंड्याचा नाडा मधल्या बंधातूनच काढला आहे, पण तो किती लांब ठेवावा? भावाला विचारले तर तो म्हणतो की आण तर खरी, मग बघू. पुतणे सध्या माझ्यापुढे फार गोंडा घोळत आहेत, तेव्हा त्यांनाही शिंग मोजायला लावता येईल.

गावकूस

पुतण्यांना मोजायला लावाच, पण बैल दावणीला बांधलेला असताना आणि घरातले कोणी मोठे माणूस सोबत असतानाच. शेंबीच्या, म्हणजे शिंगाच्या टोकावरच्या धातूच्या टोपणाच्या, खाली जिथे गोंडा बसणार तिथे सुतळीचे दोन वेढे घेऊन ती सुतळी मोजा आणि त्याहून वीतभर जास्त नाडा ठेवा. एकच वेढा घेतला तर गोंडा शिंगावरून फिरत बुडाकडे येतो. दोन्ही शिंगे स्वतंत्र मोजा, ती सारखी जाड नसतात. गाठ शिंगाच्या मागच्या बाजूला यावी आणि ती सुटण्यासारखी असावी, म्हणजे रात्री साज उतरवताना कात्री शोधावी लागणार नाही.